कामोदक : मित्राच्या शोकाचा अधिकार

कोणाच्या मृत्यूचे सुतक कोणाला लागते, किती दिवसांचे लागते, परगावी वार्ता कळली तर ते कोठून मोजावे, यांविषयी धर्मशास्त्राने जितका बारीक विचार केला आहे तितका जगण्यातील फार थोड्या प्रसंगांविषयी केला असेल. सपिंड, समानोदक, मातामह, आचार्य अशी माणसांची रांग लावून प्रत्येकाच्या शोकाला तेथे मुदत आणि मर्यादा आखून दिलेली आहे. या रांगेत मित्र कोठे उभा राहतो? याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात, आशौचाच्या प्रकरणात, त्याचा उल्लेख येतो. परंतु तो विवाहित कन्या-भगिनी, भाचा, सासरा आणि ऋत्विज यांच्या पंक्तीत येतो आणि या सर्वांसाठी स्मृतिकार 'कामोदक' असा वेगळा शब्द योजतात. मृत मित्राला पाणी द्यावेसे वाटले तर द्यावे. न दिले तर दोष नाही, असा त्याचा अर्थ विज्ञानेश्वराने मिताक्षरेत उलगडला आहे. मित्राचा शोक हे ऋण नव्हे, ती इच्छा आहे.

ही तरतूद पहिल्या वाचनात उपेक्षेसारखी वाटते आणि दुसऱ्या वाचनात सन्मानासारखी. पुत्राने दिलेले पाणी कर्तव्याच्या धारेने पडते. ते प्रेमाचे होते की केवळ विधीचे, हे कोणी विचारत नाही. मित्राचे पाणी मात्र इच्छेवाचून पडूच शकत नाही. तथापि जे ऐच्छिक असते त्याला समाजात जागा नसते, हा व्यवहारही तितकाच खरा आहे. मित्र गेला म्हणून कोणी दहा दिवस वेगळे बसत नाही, कचेरीत रजा मागत नाही, दारी भेटायला येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरत नाही. तो प्रेतयात्रेत चालतो, कोणाच्या तरी खांद्यामागे आपला खांदा देतो आणि घरी परततो. घरी परतल्यावर त्याचा शोक घरातल्यांनाही अनोळखी असतो.

त्याच प्रकरणात पुढे आणखी एक निर्बंध आहे. ब्रह्मचाऱ्याने उदकदान करू नये. म्हणजे ज्या वयात मैत्री हेच जगण्याचे मुख्य नाते असते, त्या वयाच्या मुलाला हे ऐच्छिक पाणीही नाही. त्यामागील कारणे व्रताच्या आणि शुद्धीच्या विचारातील आहेत, शोकाच्या नव्हेत. परंतु परिणाम आजही तसाच दिसतो. चौदा वर्षांच्या मुलाचा जिवलग अचानक मारला गेला तर त्याच्या दुःखाला नाव देणारा एकही विधी कोणत्याही घरात उपलब्ध नसतो. 'पोर आहे, विसरेल' हे वाक्य तेवढे असते.

आजाराने येणारा मृत्यू मित्राला थोडा अवधी देतो. उशाशी बसता येते, जुने भांडण मिटवता येते, निदान पाहून घेता येते. अकस्मात हिंसेने आलेला मृत्यू हा अवधी हिरावतो आणि वर मृताभोवती दावेदारांची नवी रांग उभी करतो. पोलीस येतात, पंचनामा होतो, वार्ताहर येतात, पक्ष आणि संघटना येतात, पुढे न्यायालय येते. या प्रत्येकाला मृताशी तुमचे नाते काय, हे विचारावे लागते. नुकसानभरपाई वारसाला मिळते, देह नातलगांच्या ताब्यात दिला जातो. मित्राला कायद्याच्या भाषेत एकच जागा असते आणि ती साक्षीदाराची. म्हणजे त्याने काय पाहिले हे विचारले जाते. त्याचे काय गेले हे विचारले जात नाही.

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिली जाणारी कादंबरी या ठिकाणी काही करू शकते का, हा प्रश्न वाङ्मयप्रकाराचा वाटला तरी मुळात नैतिक आहे. अमेरिकेतील एस. ई. हिंटन या मुलीने पंधरा-सोळाव्या वर्षी लिहावयास घेतलेली आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'दि आउटसायडर्स' ही या जातीची आद्य कादंबरी समजली जाते. तिच्यात दोन टोळ्यांच्या वैरात एक मुलगा सुऱ्याने मारला जातो, मारणारा मुलगा पुढे आगीतून लहान मुलांना वाचवताना झालेल्या जखमांनी मरतो, आणि त्याचा शोक असह्य झालेला तिसरा पोलिसांच्या गोळ्या जणू ओढवून घेतो. कथा सांगणारा पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे. आपला मित्र मेलेला नाही असे तो स्वतःला बजावत राहतो. इतकेच नव्हे, तो सुरा आपणच चालवला होता असेही मानू लागतो. हिंटनच्या वयाच्या मानाने ही जाण विलक्षण म्हणावी लागेल. मृत्यू स्वीकारण्यापेक्षा अपराध स्वीकारणे मनाला सोपे जाते, कारण अपराधात निदान आपला काही हात असतो. शेवटी शाळेतील शिक्षकाने मागितलेला निबंध लिहावयाला तो बसतो, आणि आपण वाचली ती कादंबरी म्हणजेच तो निबंध, हे उघड होते. मित्राच्या शोकाला घराने नव्हे, शाळेच्या वहीने जागा दिली.

मराठीत हे पान पुष्कळसे कोरे आहे. मराठी मुलाला मित्रशोकाची पहिली ओळख होते ती इतिहासाच्या पुस्तकात, तानाजी मालुसऱ्यांच्या कथेतून. 'गड आला पण सिंह गेला' हे शिवाजी महाराजांच्या तोंडी असलेले वाक्य हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचे शीर्षक झाले आणि पुढे म्हणीसारखे रूढ झाले. त्या वाक्यात 'पण' या एका अव्ययावर बालपणापासूनच्या सोबत्याच्या मृत्यूचा सगळा भार येऊन पडला आहे. मात्र पाठ्यपुस्तक त्या 'पण'पाशी थांबत नाही. त्याला गडाचे पुढे काय झाले हे सांगावयाचे असते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मराठी मुलांना साहस दिले, मोकळीक दिली, जिवावरची संकटेही दिली. शोक देणे हा त्या कथांचा हेतूच नव्हता आणि तसा तो असावयास हवा होता असेही नाही. साने गुरुजींनी शोक दिला, परंतु 'श्यामची आई'मधील शोक आईचा आहे, आणि आईच्या शोकाला आपल्या समाजात कधीच परवान्याची गरज भासलेली नाही.

या विषयाच्या सर्वांत जवळ येणारी मराठी कादंबरी मुलांसाठी लिहिलेली नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' १९६४ ची. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या दिवसांत पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेल्या तरुणांची ही कथा आहे. तिचे मोठेपण घटनेच्या भयानकतेत नाही. हिंसा परमुलखातून येत नाही, ओळखीच्या वाटांवरूनच येते, आणि तिच्यानंतर जुन्या मैत्रीकडे पाहण्याची नजर कायमची बदलते, हे माडगूळकरांनी आवाज न चढवता सांगितले. कोण कोणाचा मित्र उरला, हा प्रश्न आगीनंतर राखेइतकाच खरा असतो. त्याच फेब्रुवारीत साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले होते. खून करणारा आणि घरे जाळणारे, या दोहोंच्या अपराधाचा काही अंश आपल्यावर घेण्याचा तो प्रकार होता. पोनीबॉयच्या मनातील चूक आणि गुरुजींचे प्रायश्चित्त यांत अंतर मोठे आहे. मूळ मात्र फार दूरचे नसावे.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, मुंबई-हावडा लोहमार्गावर, राजनांदगाव आणि दुर्ग यांच्यामध्ये रसमडा हे लहानसे स्थानक आहे. त्या नावाच्या गावाभोवती आता लोखंड-पोलादाचे कारखाने उभे आहेत आणि व्यवहारात ते भिलाईच्याच औद्योगिक विस्ताराचा भाग समजले जाते. हा मुलूख मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे १८५४ पर्यंत होता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. माधवराव सप्रे या मराठी भाषिकाने १९०० मध्ये पेंड्र्याहून जे हिंदी मासिक काढले त्याचे नाव 'छत्तीसगढ मित्र' होते. घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांना गोत्र विचारणारे कोणी नव्हते. एका पाळीत काम करणे, एका डब्यातून खाणे, हेच नाते होते.

या माणसांत धीरेश नावाचा बंगाली तरुण होता. तो कोक ओव्हन विभागात काम करीत असे, कामगारांच्या लढ्यात पडल्याने नोकरीतून काढला गेला, खेडोपाडी नाव बदलून राहिला आणि शंकर गुहा नियोगी म्हणून ओळखला गेला. १९७७ मध्ये दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांनी आपली संघटना बांधली तेव्हा त्यांनी त्याला नेता केले. त्याच वर्षी जूनच्या आरंभी तेथे गोळीबार झाला आणि अकरा जण मारले गेले. त्यानंतर मागे राहिलेल्यांनी जे केले ते या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी वर्गणी काढली, श्रमदान केले आणि १९८३ च्या ३ जूनला रुग्णालय सुरू केले. त्याचे नाव शहीद रुग्णालय. मेलेल्यांच्या नावाने जिवंतांच्या जखमा बांधणाऱ्या या वास्तूला कामोदक म्हणता येईल, कारण ती बांधण्याचे बंधन कोणावर नव्हते.

१९९० पासून नियोगींचे कार्यक्षेत्र भिलाईच्या खासगी कारखान्यांपर्यंत आले. कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन आणि कमी केलेल्या कामगारांना परत घेणे, एवढ्याच मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ रोजी, पहाट होण्यापूर्वी, हुडको वसाहतीतील घरात झोपलेल्या नियोगींवर खिडकीतून गोळ्या झाडण्यात आल्या. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी आधीच ध्वनिफितीवर बोलून ठेवले होते. तेव्हा या मृत्यूला अकस्मात म्हणावे का? ज्याला मारले त्याच्यासाठी तो अकस्मात नव्हता. ज्यांनी योजले त्यांच्यासाठी नव्हताच. तो अकस्मात होता फक्त मित्रांसाठी. धोका माहीत असूनही ज्याची वाट पाहता येत नाही, असा मृत्यू मित्रांच्याच वाट्याला येतो.

नऊ महिन्यांनी, १ जुलै १९९२ रोजी, मागण्या तशाच राहिलेले कामगार भिलाई पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि पंधरांहून अधिक कामगार मेले. त्या दिवशी एक पोलीस उपनिरीक्षकही मारला गेला. स्मरणाच्या सभांमध्ये या शेवटच्या मृत्यूला जागा क्वचितच मिळते. त्यालाही कोणी मित्र असेल; त्या मित्राचा शोक तर दोन्ही बाजूंना अवघड.

खुनाचा खटला सोळा आणे माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारा ठरला. १९९७ मध्ये सत्र न्यायालयाने काही उद्योजकांसह सहा जणांना दोषी ठरवले; १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले; २००५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकट्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि इतरांची सुटका मान्य केली. हत्येच्या वर्षी बारा वर्षांचे असलेले मूल निकाल लागला तेव्हा सव्वीस वर्षांचे झाले होते. म्हणजे त्याचे सगळे तारुण्य एका अनिर्णित वाक्याच्या मध्ये गेले.

येथे याज्ञवल्क्यांचे तेच प्रकरण पुन्हा उघडावे लागते. पाणी देऊन, स्नान करून वर आलेले शोकाकुल लोक मऊ हिरवळीवर बसले असता वडीलधाऱ्यांनी त्यांना जुन्या कथा सांगून त्यांचा शोक दूर करावा, असे तेथे सांगितले आहे. वाङ्मयाला अंत्यविधीत दिलेले हे स्थान अपूर्वच म्हटले पाहिजे. परंतु त्या कथांचा आशय काय असावा? मानुष्य निःसार आहे, पाण्याच्या बुडबुड्यासारखे आहे, पंचभूतांतून आलेला देह पंचभूतांत गेला तर रडावयाचे कशाला, असा. वार्धक्याने वा व्याधीने गेलेल्या माणसासाठी हे सांत्वन खरे आहे. गोळीने गेलेल्यासाठी ते खरे नाही. तो देहाच्या नश्वरतेमुळे गेला नाही. कोणी तरी नेम धरला म्हणून गेला. त्याच्या मित्राला बुडबुड्याची उपमा सांगणे म्हणजे मारणाऱ्याचे नाव पाण्यात सोडून देणे होय. सांत्वनच येथे असत्याच्या बाजूला जाते, आणि लहान मुलाला हे मोठ्या माणसापेक्षा लवकर कळते.

मग उलट टोकाची कथा सांगावी काय? तीही आपल्याकडे आहे. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा वडाखाली जागा आहे. बाप कपटाने मारला गेला आहे, सखा दुर्योधन मांडी फुटून पडला आहे. झाडावर झोपलेल्या कावळ्यांना एक घुबड मारते आणि त्याला मार्ग दिसतो. झोपलेल्यांना मारणे धर्म नव्हे, हे कृपाचार्य त्याला परोपरीने सांगतात. आधी झोप, सकाळी पाहू, असे म्हणतात. तो ऐकत नाही. त्याचा शोक खोटा नव्हता, त्याचा आरोपही खोटा नव्हता. तरीही त्या रात्री जे मेले त्यांत बापाचा मारेकरी होता तशी द्रौपदीची पाच मुलेही होती. मराठी लोककल्पनेने त्याला अजून मरू दिलेले नाही. कपाळावरच्या जखमेसाठी तो दारोदार तेल मागत हिंडतो असे आजीच्या गोष्टींत सांगितले जाते. व्यासांनी शाप दिला तो शाप म्हणूनच राहिला, लोकांनी त्याच्या हातात तेलाची वाटी दिली. न भरणाऱ्या शोकाला शिक्षेइतकीच कणवही द्यावी लागते, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक होते.

नश्वरतेची कथा आणि सूडाची कथा यांच्या मध्ये तिसरी एक कथा विसाव्या शतकाने घडवली आणि ती हुतात्म्याची. भिलाईच्या कामगारांनी तीच स्वीकारली आणि त्यांना दुसरा पर्याय होता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हुतात्मा हा शब्द मित्राला नाते देतो. जो रांगेत कोठेच नव्हता त्याला साथी म्हणून पहिल्या रांगेत उभे करतो. त्यातून रुग्णालय उभे राहते, दर वर्षीच्या १ जुलैला रुळांजवळ माणसे जमतात. मात्र या शब्दाची किंमतही चुकती करावी लागते. हुतात्मा कधी चिडका नसतो, उसने घेतलेली सायकल मोडून परत आणत नाही, खोटे बोलत नाही. मित्र हे सगळे करीत असतो. हुतात्म्याच्या चित्राला हार घालताना ज्याला आपल्या मित्राचा चेहरा त्यात सापडत नाही, त्याचा शोक दुसऱ्यांदा एकाकी होतो, आणि हे तो कोणाला सांगूही शकत नाही, कारण तसे सांगणे द्रोहासारखे दिसते.

कुमारांच्या कादंबरीचे खरे काम येथे सुरू होते. हुतात्म्यातून मित्र परत काढून देणे, आणि तरीही त्याला कोणी मारले हे न लपवणे, या दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी साधाव्या लागतात. सभेला पहिले पुरत नाही, घराला दुसरे पेलत नाही. कादंबरीला दोन्ही शक्य आहेत, कारण तिला ठराव संमत करावयाचा नसतो आणि रडणाऱ्याला गप्पही करावयाचे नसते.

असे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे का, अशी शंका आपल्याकडे शिक्षक आणि पालक नेहमी घेतात. ती शंका पूर्णपणे गैर नाही. हिंसेचे वर्णन हेच ज्याचे आकर्षण आहे असे लेखन भरपूर होते आणि ते शोकाच्या नावाने खपवले जाते. परंतु ज्या मुलांना हे अनुभव येतात त्यांना ते कोणाच्या परवानगीने आलेले नसतात. पॉवर हाउस स्थानकाच्या रुळांवर आणि त्यांच्या अवतीभवतीच्या वस्त्यांत मुले होतीच. त्यांचे वय पाहून त्या दिवसाने त्यांना वगळले नाही. वगळते ते नंतरचे साहित्य. मराठीत तर भिवंडीपासून मुंबईपर्यंतच्या दंगलींचे, १९९२-९३ च्या त्या हिवाळ्याचे, शाळकरी मैत्रीच्या बाजूने लिहिलेले पुस्तक शोधावयाला ग्रंथपालाला बराच वेळ लागेल. निवांत मध्यमवर्गीय घराला सोयीचा तेवढाच शोक बालसाहित्यात येतो, ही तक्रार जुनी असली तरी निकालात निघालेली नाही.

स्मृतीतील उदकदानाचा विधी अगदी थोडक्यात सांगितला आहे. वाणीवर संयम ठेवून, मृताचे नाव आणि गोत्र उच्चारून, एकदाच पाणी सोडावे. पाळीतल्या सोबत्याला आपल्या मित्राचे गोत्र ठाऊक नसते. पुष्कळदा त्याला मित्राचे घरचे नावही ठाऊक नसते. भिलाईत ज्या माणसासाठी हजारो माणसे लाल-हिरव्या झेंड्यामागून चालली, त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव त्यांच्यापैकी कित्येकांनी कधी घेतलेच नव्हते. ते त्याला शंकर म्हणत, नियोगी म्हणत. पाणी सोडताना त्यांनी तेच नाव घेतले.